हिशोबाची वही कोणाच्या हातात?

कळंब तालुक्यातली एक मुलगी बारावी पास झाली आणि जयंतीच्या नियोजनाच्या बैठकीत तिने मला विचारलं, "दादा, तुळजापूरला टिसमध्ये समाजशास्त्राकडे जाऊ, की पुण्यात बीबीए करू?" मी तोंड उघडायच्या आत बैठकीतले एक जुने कार्यकर्ते म्हणाले, "बीबीए करून काय शेठजीची चाकरी करायची? समाजकार्य शिक, चळवळीला माणसं पाहिजेत." तिचे मामा बँकेत आहेत. ते लगेच म्हणाले, "समाजकार्यानं पोट भरत नाही. मॅनेजमेंट कर, पगार बघ."

दोघंही आपलीच माणसं, दोघांनाही लेकीची काळजी. तरीही दोघं चुकले असं माझं म्हणणं आहे, आणि दोघांची चूक एकच आहे. समाज समजून घेणं हे एक शिक्षण, पैसा आणि संस्था चालवणं हे दुसरं शिक्षण, आणि आपल्या लेकरांनी त्यातलं एक निवडून दुसरं दुसऱ्यासाठी सोडून द्यायचं, असं दोघांनीही धरून चाललं. हे वाटप कोणी केलं? ज्ञान एकाकडे, तिजोरी दुसऱ्याकडे आणि राबणं तिसऱ्याकडे, ही विभागणी आपण कुठं पाहिली आहे ते आपल्या वाचकांना सांगायची गरज नाही.

मला त्या मुलीला जे सांगायचं होतं ते बैठकीच्या गोंधळात सांगता आलं नाही. ते इथे लिहितो.

सर्व्हे आपला, सही त्यांची

मी सहा वर्षं एका स्वयंसेवी संस्थेत तालुका समन्वयक होतो. संस्थेचं नाव घेत नाही, कारण प्रश्न एका संस्थेचा नाही. वाशी, भूम, परंडा, कळंब या पट्ट्यातल्या कितीतरी वस्त्या मी पायाखाली घातल्या. कोणत्या वस्तीत उसतोडीला जाणारी किती कुटुंबं, कोणाच्या घरात रेशनकार्ड नाही, कोणत्या गावात स्मशानभूमीचा वाद आहे, हे मला तोंडपाठ होतं. फॉर्म मी भरायचो, फोटो मी काढायचो, बायकांच्या बैठका माझी सहकारी घ्यायची. मोठ्या शहरातून पाहुणे आले की वस्तीत नेऊन दाखवायचं कामही आमचंच.

सहा वर्षांत प्रकल्पाचं अंदाजपत्रक मला एकदाही दाखवलं गेलं नाही. मीही मागितलं नाही, कारण मागायचं काय हेच मला माहीत नव्हतं. आमच्या तालुक्याच्या नावावर किती पैसा येतो, त्यातला किती गावात पोचतो, किती कार्यालयाच्या भाड्यात, सल्लागारांच्या मानधनात आणि विमानाच्या तिकिटात जातो, हे मला कधी कळलं नाही. एके दिवशी ईमेल आला की निधी संपला, प्रकल्प बंद. वस्तीवर जाऊन तोंड दाखवायचं काम पुन्हा माझ्याच वाट्याला आलं. बायका विचारत होत्या, "भाऊ, आता पुढं काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर ज्याच्याकडे होतं तो त्या वस्तीत कधी आलाच नव्हता.

त्या दिवशी एक गोष्ट पक्की समजली. वस्ती कळायला मला सहा वर्षं लागली होती. ताळेबंद वाचायला सहा महिन्यांत शिकता आलं असतं. ते मला कोणी शिकवलं नाही आणि मी शिकलो नाही. म्हणून सहा वर्षांचं ज्ञान दुसऱ्याच्या अहवालात गेलं आणि मी घरी आलो.

मानधन हे नवं वतन आहे

आज आपल्या जिल्ह्यात असलेल्या कसबे तडवळे या गावी फेब्रुवारी १९४१ मध्ये महार-मांग वतनदारांची परिषद भरली होती आणि बाबासाहेब तिथे आले होते. वतनाचा प्रश्न काय होता, हे आजच्या पोरांना पुन्हा सांगावं लागतं. वतन म्हणजे नावाला हक्क आणि व्यवहारात वेठबिगारी. तुटपुंजी जमीन आणि बलुत्याचे चार दाणे, त्याबदल्यात चोवीस तास गावकी. कामाची वेळ ठरलेली नाही, पगार ठरलेला नाही, आणि 'तू वतनदार आहेस' या शब्दाचा खोटा मान. या वतनाच्या कायद्यात बदल करण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडलं होतं. आपल्याच माणसांना ते कटूपणे सांगत राहिले की या तुकड्याचा मोह सोडा, कारण हा तुकडाच तुमची बेडी आहे.

आता 'मानधन' हा शब्द पाहा. पगार नव्हे, मानधन. अकरा महिन्यांचा करार. भविष्य निर्वाह निधी नाही. काम मात्र चोवीस तास, कारण 'तुम्ही तर समाजासाठी करताय'. 'कार्यकर्ता' या शब्दाचा मान द्यायचा आणि निर्णयाची खुर्ची लांब ठेवायची. गावाची खबर ठेवणारा, निरोप पोचवणारा, पाहुण्यांना वाट दाखवणारा माणूस पूर्वीही आपलाच होता. आता त्याच्या हातातली काठी जाऊन टॅब आला आहे.

हे कोणाला टोचत असेल तर टोचू द्या. जिल्ह्यात प्रामाणिक संस्था आहेत आणि त्यांनी आरोग्यात, बचत गटांत, पाण्यात केलेलं काम मी नाकारत नाही. माझा प्रश्न प्रामाणिकपणाचा नाहीच. प्रश्न खुर्चीचा आहे. ज्यांच्या नावाने पैसा येतो ती माणसं विश्वस्त मंडळात, लेखा विभागात, प्रकल्प मंजूर करणाऱ्या समितीत किती आहेत?

हा प्रश्न नवा नाही

१९३२ साली पुणे करारानंतर लगेच अस्पृश्यता निवारणासाठी एक अखिल भारतीय संस्था निघाली. तीच पुढे हरिजन सेवक संघ म्हणून ओळखली गेली. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला, सचिव अमृतलाल ठक्कर. सुरुवातीला बाबासाहेबही तिच्या मंडळावर होते. नोव्हेंबर १९३२ मध्ये गोलमेज परिषदेला जाताना त्यांनी बोटीवरून ठक्करांना सविस्तर पत्र लिहिलं. नागरी हक्कांसाठी मोहीम काढा, नोकरीत समान संधी मिळवून द्या, आणि कामासाठी माणसं अस्पृश्यांमधून घ्या, असा त्या पत्राचा रोख होता. त्या पत्राची साधी पोचही आली नाही, असं त्यांनी पुढे नोंदवलं. ते त्या मंडळातून बाहेर पडले.

अस्पृश्यांना व्यवस्थापनात जागा का नाही, यावर गांधीजींचं म्हणणं असं होतं की हे सवर्णांचं प्रायश्चित्त आहे, पैसा त्यांचा आहे, म्हणून कारभारही त्यांनीच करायचा. १९४५ साली काँग्रेस आणि गांधींवर लिहिलेल्या आपल्या पुस्तकात बाबासाहेबांनी या भूमिकेची चिरफाड केली. त्यांचा मुद्दा सरळ होता. ज्या मदतीच्या कारभारात मदत घेणाऱ्याला जागा नाही, ती मदत त्याला उभं करत नाही, मिंधं करते.

'नॉन-प्रॉफिट मॅनेजमेंट' या आजच्या चकचकीत नावामागचा खरा प्रश्न बाबासाहेबांनी तेव्हाच विचारून ठेवला आहे. दानाचा कारभार कोण करणार? देणारा, की ज्याच्यासाठी दिलं तो? आज जे हा विषय शिकवतात त्यांच्या वर्गात हरिजन सेवक संघाचं हे प्रकरण पहिल्या दिवशी शिकवलं गेलं पाहिजे.

बाबासाहेब आणि कंपनीचा हिशोब

आता जुन्या कार्यकर्त्यांचा आक्षेप घेऊ. ते म्हणतात, मनमाडला १९३८ साली बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले, मग तुम्ही पोरांना बिझनेस शिकायला कसे पाठवता?

शत्रूची वही वाचता आल्याशिवाय शत्रूशी लढता येत नाही, हे आधी बाबासाहेबांनीच करून दाखवलं. कोलंबिया विद्यापीठात १९१५ साली त्यांनी एमएसाठी लिहिलेला प्रबंध कशावर होता? ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि वित्तव्यवस्थेवर. म्हणजे एका कंपनीच्या हिशोबावर! एका व्यापारी कंपनीने देश कसा चालवला आणि कसा पिळला, हे त्यांनी आकड्यांतून शोधलं. आणि त्याच कोलंबियात ते इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र हेही शिकत होते. आज लाखो रुपये फी घेऊन ज्याला 'लिबरल आर्ट्स' म्हणून विकलं जातं, ते शिक्षण बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर घेतलं होतं. अर्थशास्त्र आणि जातीचा अभ्यास त्यांनी दोन वेगळ्या कपाटांत ठेवला नाही. म्हणूनच जात म्हणजे श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी, हे त्यांना दिसलं.

परत आल्यावर त्यांनी मुंबईत शेअर बाजाराबाबत सल्ला देणारा व्यवसाय सुरू केला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक फिरकेना आणि तो बंद पडला. १९१८ ते १९२० ते सिडनहॅम या वाणिज्य महाविद्यालयात शिकवत होते. १९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, तर तिची रीतसर घटना, कार्यकारी मंडळ, चिटणीस, खजिनदार हे सगळं होतं. पुढच्याच वर्षी या सभेने सोलापुरात, आपल्या शेजारच्या जिल्ह्यात, वसतिगृह सुरू केलं. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली सिद्धार्थ, १९५० साली औरंगाबादला मिलिंद, आणि १९५३ साली मुंबईत वाणिज्य व अर्थशास्त्राचं स्वतंत्र सिद्धार्थ महाविद्यालय. वाणिज्य शिकणं म्हणजे शेठजीची चाकरी, असं त्यांना वाटत असतं तर त्यांनी आपल्या पोरांसाठी ते काढलं असतं का?

पैशाअभावी काय होतं हेही त्यांनी सोसलं. 'मूकनायक' शाहू महाराजांच्या मदतीने १९२० साली निघाला आणि बाबासाहेब पुढच्या शिक्षणाला लंडनला गेल्यावर काही वर्षांतच बंद पडला. 'बहिष्कृत भारत' १९२७ ते १९२९ एवढाच चालला. विचारात काही कमी नव्हती, लेखणीतही नव्हती. कमी होती ती पैशाची आणि सांभाळणाऱ्या हातांची. या दोन नियतकालिकांची आठवण काढून आपण डोळे पुसतो. पण त्यातून शिकायचा धडा हिशोबाचा आहे, तो मात्र विसरतो.

नुसतं मॅनेजमेंटही चालणार नाही

आता मामांचा आक्षेप. मॅनेजमेंट शिका, बाकी समाजशास्त्र वगैरे वेळेचा अपव्यय. यावर मी फक्त एक तक्ता दाखवतो, आणि तो आपल्याच भागातला आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि आपल्या जिल्ह्यातली गावंच्या गावं मातीत गेली. सास्तूरचं नाव अजून काळीज चिरतं. मग जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसन आलं. ज्या गावांचं स्थलांतर झालं तिथे नवं घर किती मोठं द्यायचं, हे कशावर ठरलं? घरात माणसं किती, यावर नाही. जमीन किती, यावर. भूमिहीन आणि अत्यल्प जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, आणि सात हेक्टरांहून जास्त जमीन असलेल्यांना ७५० चौरस फूट.

व्यवस्थापनाच्या नजरेने पाहिलं तर हा तक्ता सुटसुटीत आहे. तीन गट, तीन नकाशे, कंत्राटदाराला सोपं. पण मराठवाड्यात भूमिहीन कोण आहे, हे ज्याला माहीत आहे त्याला या तक्त्यात जात दिसते. भूकंपाने मोठा वाडा आणि झोपडी दोन्ही एका मिनिटात सपाट केल्या होत्या. पुनर्वसनाने ती उतरंड सिमेंटमध्ये पुन्हा उभी केली. तक्ता बनवणाऱ्याने मुद्दाम जातीयवाद केला, असं मी म्हणत नाही. त्याला मुद्दाम काही करावं लागलंच नाही. तक्ता कसा बनवायचा हे त्याला माहीत होतं, समाज कसा बनला आहे हे एकतर माहीत नव्हतं किंवा विचारात घ्यायचं नव्हतं.

आजच्या प्रकल्प-अहवालांची भाषा बघा. 'जात' लिहायची नाही, 'वंचित घटक' लिहायचं. 'अत्याचार' लिहायचं नाही, 'सामाजिक सलोख्याचा अभाव' लिहायचं. माणूस हा नागरिक उरत नाही, 'लाभार्थी' होतो. गावात दलित वस्तीची पाइपलाइन तोडली तर ती 'पाणी व्यवस्थापनातील अडचण' ठरते. एक्सेल येणारी पोरगी हे रकाने भरते. इतिहास आणि समाजशास्त्र शिकलेली पोरगी रकान्यालाच प्रश्न विचारते. आणि ज्या पोरीला दोन्ही येतं, ती नवा रकाना काढते आणि त्यासमोर पैशाची तरतूदही करून घेते. आपल्याला ही तिसरी पोरगी हवी आहे.

वीस-बावीस किलोमीटरचं अंतर

आपल्या जिल्ह्याची गंमत पाहा. १९३६ साली मुंबईत सुरू झालेल्या टाटा समाजविज्ञान संस्थेचं, म्हणजे टिसचं, ग्रामीण केंद्र ऐंशीच्या दशकापासून तुळजापुरात आहे. ग्रामीण विकास, उपजीविका, नैसर्गिक साधनसंपत्ती हे तिथले विषय. आणि धाराशिव शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा उपपरिसर आहे, तिथे व्यवस्थापनशास्त्राचा विभाग आहे. दोन्हींमध्ये अंतर वीस-बावीस किलोमीटर. एसटीने तासाभराचं. पण एका ठिकाणी शिकणाऱ्या पोराला दुसऱ्या ठिकाणी काय शिकवतात याचा पत्ता नसतो.

टिसच्या आतही हेच दिसतं. मनुष्यबळ व्यवस्थापनाचा नावाजलेला अभ्यासक्रम मुंबईत, २००७ पासूनचा सामाजिक उद्योजकतेचा एमएही मुंबईत. तुळजापुरात नियोजन आणि उद्योजकता शिकवतच नाहीत असं नाही. पण संस्थेची ओळख काय? मुंबई म्हणजे मॅनेजमेंट, तुळजापूर म्हणजे फील्ड. मुंबईच्या व्यवस्थापनाला जायचं तर आता कॅटची परीक्षा द्यावी लागते. त्या परीक्षेचा क्लास आमच्या भूम-परंड्याच्या पोराने कुठे लावायचा?

आणि आत शिरलं तरी टिकायचं कसं? फेब्रुवारी २०१८ आठवा. भारत सरकारच्या पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या विद्यार्थ्यांची शुल्कसवलत, विशेषतः वसतिगृह आणि जेवणाच्या खर्चाची, काढून घेण्याविरुद्ध टिसच्या मुंबई, तुळजापूर, हैदराबाद आणि गुवाहाटी अशा चारही ठिकाणच्या विद्यार्थ्यांनी संप केला. मुद्दा कागदावर छोटा दिसतो. आधी भरा, शिष्यवृत्ती आली की परत घ्या. पण ज्याच्या घरी भरायलाच पैसे नाहीत, त्याच्यासाठी 'आधी भरा' याचा अर्थ 'येऊ नका' एवढाच होतो. रोखीचा ओघ कधी येतो आणि देणं कधी द्यावं लागतं, यातली तफावत हा व्यवस्थापनाच्या पहिल्या वर्षाचा धडा आहे. आमच्या पोरांनी तो पुस्तकात नाही, मेसच्या बिलावर शिकला.

जून २०२४ मध्ये आणखी एक धडा मिळाला. टाटांच्या ट्रस्टकडून येणाऱ्या अनुदानावर ज्यांचे पगार होते, अशा चारही कॅम्पसमधल्या शंभराहून अधिक कंत्राटी प्राध्यापक आणि कर्मचाऱ्यांना सेवा संपल्याची पत्रं गेली. तुळजापूरचे प्राध्यापकही त्यात होते. निधीचं आश्वासन मिळाल्यावर दोन दिवसांत ती पत्रं मागे घेतली गेली. समाजकार्य आणि श्रमिकांचे हक्क शिकवणाऱ्या संस्थेतल्या माणसांची नोकरी एका अनुदानाच्या तारखेवर टांगलेली होती! माझ्या त्या ईमेलची आठवण झाली. फरक इतकाच की माझ्यासाठी कोणी पत्र मागे घेतलं नाही.

खासगी लिबरल आर्ट्स विद्यापीठांबद्दल काय बोलावं? पुण्या-मुंबईकडे, दिल्लीकडे ती निघाली आहेत. जातीवर, लिंगभावावर, आंबेडकरांवर तिथे सुंदर अभ्यासक्रम असतात. फी लाखांत. २००५ च्या ९३ व्या घटनादुरुस्तीने कलम १५(५) आलं आणि खासगी शिक्षणसंस्थांतही आरक्षण देता येईल अशी वाट मोकळी झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ती वैध ठरवली. तरी त्यासाठी लागणारा देशव्यापी कायदा संसदेने आजवर केलेला नाही. म्हणजे वर्गात आंबेडकर, पण बाकावर आंबेडकरांची लेकरं नाहीत. आपल्या मागण्यांच्या यादीत हा कायदा वरच्या ओळीत पाहिजे.

नियम न वाचणाऱ्याचा खेळ संपतो

कोणी म्हणेल, एवढं शिकून करायचं काय, संस्था काढायला सात माणसं आणि एक शिक्का पुरतो. तो काळ गेला. २०२० साली परदेशी देणग्यांच्या कायद्यात बदल झाला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, खातं दिल्लीच्या एकाच बँक शाखेत सक्तीचं झालं, आणि मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली. गावपातळीवरच्या छोट्या संस्था मोठ्या संस्थांमार्फत येणाऱ्या पैशावर चालत होत्या, त्यांची नाडी या शेवटच्या कलमाने तुटली. त्याआधी, डिसेंबर २०१६ मध्ये, गुजरातमधल्या दलित हक्कांसाठी लढणाऱ्या नवसर्जन ट्रस्टचा परदेशी निधीचा परवाना रद्द झाला होता आणि वर्षानुवर्षं काम करणारी माणसं घरी गेली होती.

दुसरीकडे कंपनी कायद्याचं कलम १३५ आहे. ५०० कोटींचं नक्त मूल्य, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा असलेल्या कंपनीने सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. हा कायदा कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायला सांगतो. म्हणजे जिथे कारखाने, तिथे निधी. आपला जिल्हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत आहे, पण आकांक्षेला कारखाना जोडलेला नाही. तरी जो निधी येतो तो मागायचा तर संस्थेची नोंदणी, आयकराचे १२ए आणि ८०जी, सीएसआर-१ अर्ज, तीन वर्षांच्या कामाचा पुरावा हे सगळं लागतं. हे कागद तयार ठेवणारी आपली किती मंडळं आहेत?

आधी आपलं घर

आणि इथे बोट स्वतःकडे वळवतो. आपल्या जयंती मंडळांत वर्गणी गोळा होते. हिशोब कधी फलकावर लागतो? कितीतरी विहारांचे आणि संस्थांचे विश्वस्त वारले, त्यांची पोरं कारभार बघतात, पण धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखलच केलेला नसतो. कायद्याने तो ९० दिवसांत द्यायचा असतो. मग दहा वर्षांनी दोन गट निघतात, कोर्टात जातात, आणि समाजाची जागा कुलपात पडते. हा घात कोण्या मनुवाद्याने केलेला नाही, आपल्याच अज्ञानाने आणि आळसाने केला आहे. हिशोब मागणारा कार्यकर्ता 'फूट पाडतो' असं आपण म्हणतो. हिशोब मागणं ही फूट नाही. आपल्या धम्मात भिक्खू संघालासुद्धा नियमांची चौकट आहे, विनय आहे. मग मंडळाला का नको?

याच महाराष्ट्रात, पुण्यात नोकरी करत असताना, कांशीरामजींनी सरकारी कर्मचाऱ्यांच्या वर्गणीवर संघटना बांधली. तीच पुढे १९७८ मध्ये बामसेफ म्हणून उभी राहिली. परदेशी निधी नाही, कंपनीचा निधी नाही. समाजाने शिकवलं, आता समाजाला परत द्या, हे तत्त्व आणि पै-पैची शिस्त. त्यांच्या राजकारणाशी कोणाचे मतभेद असतील. पण संघटना स्वतःच्या पैशावर कशी उभी करायची, याचा तो आपल्या मातीतला अभ्यासक्रम आहे. मॅनेजमेंटच्या वर्गात तो शिकवत नसतील तर आपण आपल्या शिबिरात शिकवू.

मग करायचं काय?

पहिलं, नव्या शैक्षणिक धोरणात आता आपल्या साध्या कला महाविद्यालयातही दुसऱ्या विद्याशाखेचा विषय घ्यावा लागतो. धोरणात टीका करण्यासारखं पुष्कळ आहे, पण ही खिडकी उघडी आहे तोवर वापरा. बीए करणाऱ्याने लेखाशास्त्र किंवा वित्त घ्यावं, बीकॉमवाल्याने समाजशास्त्र किंवा इतिहास. 'सोपा पेपर' म्हणून काहीतरी भरू नका. महाविद्यालय ते विषय देत नसेल तर प्राचार्यांना निवेदन द्या.

दुसरं, धाराशिवचा उपपरिसर आणि तुळजापूर यांनी मिळून सामाजिक संस्थांच्या व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम काढावा. तो मराठीतून शिकता यावा, शिष्यवृत्तीला पात्र असावा, आणि 'आधी भरा'ची अट नसावी. ही मागणी विद्यार्थी संघटनांनी लेखी करावी.

तिसरं, येत्या जयंतीला प्रत्येक मंडळाने जमा-खर्चाचा फलक लावावा. कीर्द, खतावणी, ताळेबंद हे तीन शब्द आपल्या शिबिरांत शिकवले गेले पाहिजेत. सुरुवात इथून.

चौथं, जे संस्थांत काम करतात त्यांनी अंदाजपत्रक मागावं. नोकरीची भीती असते, मला माहीत आहे. म्हणून एकट्याने नका मागू, मिळून मागा.

आणि त्या मुलीला माझं उत्तर असं. पोरी, तुळजापूरला जा किंवा पुण्याला, पण अर्धं शिक्षण घेऊन येऊ नकोस. समाजशास्त्र घेतलंस तर संध्याकाळी लेखाशास्त्र शीक. बीबीए घेतलंस तर रात्री बाबासाहेब वाच, आणि त्यांचं अर्थशास्त्रही वाच, नुसती भाषणं नको. आम्ही वस्ती ओळखली पण वही ओळखली नाही, म्हणून आमच्यावर ईमेल वाचायची वेळ आली. तू वहीच्या पहिल्या पानावर तुझ्या वस्तीचं नाव लिही, शेवटच्या पानावर तुझी सही कर, आणि पुढच्या बैठकीत आमच्या मंडळाचा हिशोब सगळ्यांत आधी तूच माग. मी तुझ्या बाजूला बसलेला असेन.

जय भीम!